सुईणीची सनद

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "काहीतरी जुन्या काळचे लिहा" असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आल्या त्या मंडळाच्या खोलीतील तसबिरी. सावित्रीबाई आहेत, रमाबाई रानडे आहेत, डॉक्टर आनंदीबाई जोशी आहेत. त्यांना हार घालूनच आपला प्रत्येक कार्यक्रम सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु एका बाईची तसबीर तेथे नाही, आणि ती कोठेच असणार नाही, कारण तिचा फोटो कधी कोणी काढलाच नाही. ती बाई म्हणजे आपली सुईण. साठी उलटलेल्या आपणां बहुतेकींना या जगातला पहिला स्पर्श झाला तो तिच्या हाताचा.

तिची आठवण केवळ हळवेपणाने काढावी, एवढाच या लेखाचा हेतू नाही. घरी बाळंत होणाऱ्या बाईला जाणता हात मिळावा, त्या हाताला शिक्षण मिळावे आणि सरकारदरबारी त्याची नोंद व्हावी, यासाठी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत अनेकजणींनी खटपट केली. त्या खटपटीला यश किती आले आणि काय राहून गेले, हे आपल्या मंडळाच्या भगिनींना ठाऊक असावे असे वाटते. त्याचे कारण सांगण्यासाठी आधी घरचीच एक गोष्ट सांगते.

खाडीकाठची गोष्ट

माझा जन्म मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत, भर आषाढात झाला. आपल्या किनाऱ्याचा त्या काळचा पावसाळा म्हणजे चार महिन्यांचा वेढाच. जून उजाडला की मुंबईच्या आगबोटी बंद होत, त्या पाऊस सरेपर्यंत. खाड्यांवर पूल नव्हते. पलीकडे जायचे तर तरीतून, आणि खाडीला पाणी चढले की तीही बंद. डॉक्टर गाठायचा तर डोली करावी लागे, डोलीला चार माणसे लागत, आणि त्या दिवसांत घरचे पुरुष एक तर मुंबईला गिरणीत असत नाही तर चिखलात लावणीला. अशा वेळी वाडीतली सुईण हेच आमचे इस्पितळ होते.

माझी आई सांगत असे, की रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण इरले पांघरून, हातात कंदील घेऊन मळ्याच्या मेरेवरून आली. आल्या आल्या तिने आईच्या पोटावर हात फिरवला आणि म्हणाली, "भिया नको गो, मी आसंय." मी पायाळू. बाहेर आले ते रडलेच नाही. सुईणीने नाळ कापली नाही. वार पडेपर्यंत ती थांबली, वार कोमट पाण्यात ठेवून नाळ हलक्या हाताने चोळीत राहिली, मला पालथे धरून पाठ चोळली, आणि थोड्या वेळाने मी किंचाळले. आई म्हणे, "त्या किंचाळण्यासारखे गाणे मी नंतर ऐकले नाही."

पुढे चार वर्षांनी त्याच घरात, त्याच सुईणीच्या हाताखाली माझी काकी गेली. मूल आडवे होते. सुईणीने पहाटेच सांगितले होते, की हे माझ्या हातचे काम नव्हे, डोली करा. परंतु तिचे ऐकणार कोण? ज्या बाईला घरात यायला मागचे दार आणि बसायला गोणपाट, तिच्या शब्दावर घरातली कर्ती माणसे पुरात माणसे आणि पैसा घालतील असा तो काळ नव्हता. "आणखी थोडी वाट बघूया" असे म्हणता म्हणता दुपार झाली. तर हाकेला येईपर्यंत सारे आटोपले होते. नंतर बोल मात्र सुईणीलाच लागला.

त्या एकाच बाईच्या हातून मी जगले आणि काकी गेली, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नाही. पुढे या विषयाचे थोडे वाचन झाले तेव्हा ध्यानात आले, की कोडे सुईणीच्या हातांत नव्हतेच. तिच्या शब्दाला वजन नव्हते. तिच्यामागे दवाखाना उभा नव्हता, कायदा उभा नव्हता, गावही उभा नव्हता. साऱ्या इतिहासात हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांनी दिसते.

हात हवा, माणूस नको

सुईणपण हे आपल्याकडे ज्ञानाचे काम मानले गेले नाही, विटाळाचे मानले गेले. बाळंतिणीचे सोयर, रक्त, वार पुरणे, मळके कपडे धुणे ही कामे उतरंडीच्या तळाशी ढकललेल्या जातींतील स्त्रियांकडे आली. रात्री जिच्या हातावर वंशाचा दिवा सोपवायचा, तिलाच दिवसा उंबऱ्याबाहेर उभे करायचे, ही आपल्या समाजाची रीत होती. मोबदला म्हणजे एखादे लुगडे-चोळी, पायलीभर तांदूळ, नारळ. मुलगा झाला तर थोडे अधिक, मुलगी झाली तर तोंड वाकडे करून थोडे कमी.

आणि तिच्याकडे विद्या तर होतीच. पोटावर हात ठेवून मूल कसे आहे ते ओळखणे, कळा खऱ्या की खोट्या ते सांगणे, बाईला आडवी न निजवता बसवून, आढ्याला बांधलेल्या दोरीला धरवून जोर करायला लावणे, उगाच घाई न करणे. बाळंतपणानंतरची न्हाणी, शेक, ओव्या-शेपेची धुरी, पेज आणि आटवल, बाळंतिणीच्या मनाला धीर, हे सारे तीच बघे. दहा-बारा दिवस रोज घरी येणारी अशी सेवा आज पैसे मोजूनही मिळत नाही.

परंतु इतिहास लिहायचा तर तिचे दोषही लिहिले पाहिजेत. नाळ कापायला विळा, नाहीतर बांबूची कांबट. कापल्या जागी राख. त्यातून धनुर्वात होई आणि आठवड्याच्या आत मूल आखडून जाई. लोक म्हणत, सटवीने नेले. हात धुण्याचे महत्त्व तिला कोणी सांगितले नव्हते.

मात्र तिलाच एकटीला अडाणी ठरवण्यापूर्वी युरोपातली एक हकीकत लक्षात घ्यावी. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० नंतरच्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायका सुईणींच्या विभागाच्या दुपटीहून अधिक होत्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने याचे कारण शोधले: विद्यार्थी प्रेते फाडून तसेच, हात न निर्जंतुक करता, बाळंतिणींना तपासायला येत. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याचे म्हणणे दीर्घकाळ मानले नाही. तेव्हा अस्वच्छ हात हा काही केवळ खेड्यातल्या सुईणीचा दोष नव्हता. तो शिकवणीचा दोष होता, आणि शिकवणीने जाण्यासारखा होता.

ज्यांनी दार ठोठावले

आपल्याकडे हे दार प्रथम जोराने ठोठावले ते कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांनी. कोवळ्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषयच प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परदेशी शिकताना आपल्या घरातल्या विद्येचा विसर पडू न देणारी ही मुलगी परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांचीही झाली नव्हती तोच, क्षयाने गेली.

त्याच सुमारास, १८८५ साली, व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने हिंदी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावे म्हणून निधी उभा राहिला. मुंबईत १८८६ साली कामा इस्पितळ सुरू झाले. १९०३ साली लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ दुसरा निधी काढला, तो खास सुईणींच्या शिक्षणासाठी. हेतू चांगला होता, परंतु यश फार थोडे आले. शिकवायला बसलेल्या बाईने सुईणीकडूनही काही शिकावे, ही कल्पना त्यात नव्हती. वर्गाला जावे तर रोजची कमाई बुडे, आणि वर्ग करून आल्यावर गाव तिला अधिक देई असेही नाही. सरकारी वहीत नाव गेले की उद्या काही बरेवाईट झाल्यावर आपल्यालाच धरतील, ही भीती निराळीच.

येथे आपल्या कोकणकन्येचे नाव घेतले पाहिजे. देवरुखच्या गोदूबाई जोशी बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाया कर्वे झाल्या. या बाईंनी नागपूरला जाऊन सुईणीचे रीतसर शिक्षण घेतले. पांढरपेशा घरातल्या स्त्रीने विटाळाचे म्हणून हिणवलेले काम आपण होऊन शिकावे, यात केवढे धैर्य होते! त्यांच्या 'माझे पुराण' या आत्मवृत्तात त्यांचे सारे जीवन सापडते. मंडळाच्या ग्रंथालयात ते पुस्तक असावे, अशी माझी सूचना आहे.

१९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन काढले. ससून रुग्णालयात परिचारिका व सुईणींचे शिक्षण घेण्यासाठी त्यांनी विधवा आणि गरजू स्त्रियांना पाठवायला सुरुवात केली. "आमच्या सुनेने परक्याचे मलमूत्र काढायचे काय?" असा विरोध घरोघर झाला. रमाबाई घरोघर गेल्या. आज नर्सबाई म्हटली की आपण आदराने खुर्ची पुढे करतो, त्या आदराची पायाभरणी या बायकांनी केली.

१९२७ साल दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचे 'मदर इंडिया' हे पुस्तक निघाले. त्यात आपल्या सुईणींचे चित्र इतके काळेकुट्ट रंगवले होते, की सारा देश संतापला. आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. प्रारंभी शिक्षणापुरती असलेली ही परिषद पुढे माता-बालकांच्या आरोग्याच्या प्रश्नाकडे वळली, आणि शिकलेल्या, नोंदलेल्या सुईणी मिळाव्यात ही मागणी स्त्रियांच्या सभांतून होऊ लागली. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्यभेटी देणाऱ्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा झाला. सुईणीला आपल्या इलाख्यात कायद्याची सनद मिळाली ती अशी.

पण मिळाली कोणाला? परीक्षा दिलेल्या सुईणीला. इरले पांघरून मेरेवरून येणारी आमची सुईण त्या वहीत नव्हती.

इंग्लंडने काय केले

हाच प्रश्न इंग्लंडपुढे आपल्याआधी आला होता. तेथील स्त्रियांनी पुष्कळ वर्षे चळवळ करून १९०२ साली सुईणींचा कायदा करवून घेतला. त्या कायद्यात एक शहाणपणाची सोय होती. परीक्षा न दिलेली, परंतु निदान वर्षभर प्रामाणिकपणे हे काम करीत असलेली आणि चांगल्या चालीची बाई असेल, तर ठराविक मुदतीत तिलाही वहीत नाव घालता येत असे. जुन्या बाईला एकदम बाहेर काढले नाही. तिला आत घेतले, तिच्यावर देखरेख ठेवली, आणि नव्या पिढीला परीक्षा लावली.

दुसरी सोय तर आपण ऐकण्यासारखी आहे. बाळंतपण अडले तर सुईणीने डॉक्टरला बोलावलेच पाहिजे असा नियम झाला. पण डॉक्टरची फी कोण देणार म्हणून गरिबांघरी अडचण येऊ लागली. तेव्हा १९१८ च्या कायद्याने ठरवले, की सुईणीने बोलावलेल्या डॉक्टरची फी स्थानिक सत्तेने द्यावी. म्हणजे सुईण "डॉक्टर आणा" म्हणाली, की तो शब्द घरच्यांच्या मर्जीवर राहिला नाही. हे वाचले तेव्हा मला काकीची आठवण झाली. आमच्या सुईणीनेही हेच म्हटले होते. तिच्या शब्दामागे असा एखादा कायदा असता तर!

स्वराज्यानंतर

स्वराज्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीचा प्रसिद्ध अहवाल आला. त्यातले आकडे वाचून आजही मन सुन्न होते. देशात दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरत होत्या. आणि साऱ्या हिंदुस्थानात शिकलेल्या सुईणी होत्या अवघ्या पाच हजार, म्हणजे साठ हजार लोकवस्तीमागे एक! शिकलेल्या सुईणी पुरेशा तयार होईपर्यंत गावच्या दायांना शिकवून घेणे भाग आहे, हे यातून उघडच झाले. कस्तुरबा १९४४ साली आगाखान महालात कैदेत असताना वारल्या. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून खेड्यातील स्त्रियांना ग्रामसेविका आणि सुईणी म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात प्रेमाबाई कंटक यांनी सासवडहून ते पुढे नेले.

१९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली आणि गावोगाव नर्सबाई आली. तिच्या हुद्द्यातच 'मिडवाइफ' म्हणजे सुईण हा शब्द होता. पांढरे पातळ, हातात पेटी, चालत किंवा होडीतून वाड्यावाड्या पालथ्या घालणारी ती नर्सबाई आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल. तिने पुष्कळ बाळंतपणे घरी जाऊन केली. पुष्कळ ठिकाणी तिची आणि जुन्या सुईणीची जोडी जमली: एकीची कात्री उकळलेली, दुसरीचा हात सरावलेला.

पुढे तिच्या डोक्यावर कामे वाढत गेली. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचवले, की निरनिराळ्या रोगांसाठी निरनिराळे कर्मचारी नेमण्यापेक्षा सर्व कामे करणारे बहुउद्देशीय कर्मचारी असावेत. शिफारस सोयीची होती, पण तिच्यामुळे नर्सबाईचे सुईणपण मागे पडले. लसी, कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे, हिवताप, तक्ते आणि वह्या यांत बाळंतपण हे एक कलम होऊन बसले. १९७७ पासून गावच्या दायांना महिनाभर शिकवून, स्वच्छ कात्री-दोऱ्याची पेटी देण्याची योजना देशभर आली. हजारो दाया शिकल्या. धनुर्वाताची लस आणि स्वच्छ नाळ यांनी केवढे काम केले ते पाहा: २०१५ साली माता-बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे भारताबाबत जाहीर झाले. सटवीने नेण्याचे दिवस सरले. त्या यशात राख टाकून उकळलेली कात्री हाती धरणाऱ्या दायांचा वाटा आहे.

महाराष्ट्राची दोन उदाहरणे

शिकवले तर खेड्यातली बाई काय करू शकते, हे आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवले. त्यात दलित स्त्रिया होत्या, टाकलेल्या स्त्रिया होत्या. ज्यांना गाव पाणी देत नव्हते त्यांच्या हातून गाव औषध घेऊ लागले.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरोघरच्या नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला. दाईच्या जोडीला गावातलीच एक शिकवलेली बाई बाळंतपणाला हजर राही. ती बाळाचे वजन करी, श्वास अडला तर तो चालू करी, जंतुदोष दिसला तर इंजेक्शनही देई. डॉक्टर नसलेल्या बाईने इंजेक्शन द्यावे काय, हा मोठा वाद होता. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: हजारी ६२ असलेला नवजात बालकांचा मृत्यूदर २५ च्या आसपास आला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठराविक दिवशी फेऱ्या मारतात, ती २०११ पासूनची देशव्यापी योजना त्याच प्रयोगाचे फळ आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे सहा फेऱ्या आणि घरी बाळंत झालेल्या बाईकडे सात, असा त्यात हिशेब आहे.

शेजारच्या गुजरातेतही 'सेवा' संस्थेने दायांना एकत्र आणले, आणि १९९० साली 'लोक स्वास्थ्य' या सहकारी संस्थेत त्या भागीदार झाल्या. आपल्या कामाला आपणच संघटित होऊन मान मिळवायचा, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

दार पुन्हा लोटले गेले

यानंतर वारे फिरले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुशल प्रसूती-सेविका' कोणाला म्हणावे याची व्याख्या केली, तीत पारंपरिक दाई बसत नव्हती. २००५ साली आपल्याकडे जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले. दायांचे वर्ग मागे पडले आणि दाईचे काम आशाताईबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन थांबले.

याचा फायदा झाला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात शेकडा ९४ हून अधिक बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे आढळले. भोर समितीच्या काळी हजार बाळंतपणांमागे वीसच्या आसपास माता जात. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात लाखामागे ३३ गेल्या. माझी काकी आज असती तर वाचली असती. हे मी कधी विसरत नाही.

पण त्याच पाहणीत दिसले, की देशातील खाजगी दवाखान्यांत जवळजवळ निम्मी बाळंतपणे पोट फाडून झाली. ज्या बाईचे सारे सरळ आहे तिलाही टेबलावर एकटी निजवायची, आई नाही, मावशी नाही, कळांत हात धरायला कोणी नाही, ही तक्रार आपल्याच लेकीसुनांच्या तोंडून आपण ऐकतो. आणि जी बाई पावसात, रात्री, वाट तुटल्यामुळे घरीच अडकते, तिच्याजवळ कायद्याने मानलेला जाणता हात कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे. घरी बाळंत होणे हा काही गुन्हा नाही; एकवीस दिवसांत जन्माची नोंद करावी एवढाच नियम. परंतु तिच्या मदतीला जाणाऱ्या दाईला मात्र कायद्याच्या वहीत जागा नाही.

म्हणून पुन्हा खटपट सुरू झाली आहे. पुण्याच्या डॉ. मीरा सद्गोपाल यांच्या पुढाकाराने 'जीवा' नावाच्या अभ्यासात आपल्या नंदुरबारसह चार राज्यांतल्या दुर्गम भागांत दाया काय जाणतात, काय करतात, याची पद्धतशीर नोंद झाली. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची, न रडणाऱ्या बाळासाठी वार शेकण्याची रीत त्यात नोंदली गेली. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ती माझ्या जन्माचीच गोष्ट होती. वार शेकल्याने बाळ जगते असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही, आणि श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देण्याचे नवे शिक्षण आवश्यकच आहे. पण नाळ कापण्याची घाई करू नये, निदान मिनिटभर थांबावे, असे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आमच्या सुईणीला ते अगोदरच ठाऊक होते.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने सुईणसेवेची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिकलेल्या परिचारिकांना आणखी दीड वर्ष खास सुईणपणाचे शिक्षण देऊन साधी, सरळ बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली व्हावीत, अशी ती योजना आहे. २०२३ साली १९४७ चा जुना कायदा जाऊन परिचर्या व सुईणसेवेचा राष्ट्रीय आयोग नेमणारा नवा कायदा झाला. सुईणपण हा परिचर्येचा शेपूटभाग नसून स्वतंत्र विद्या आहे, हे कायद्याच्या नावातच आले, ही मोठी गोष्ट आहे. मात्र या नव्या सुईणीची जागा दवाखान्यात आहे. वाडीवरच्या घरापर्यंत ती कशी पोचणार, हे अजून ठरायचे आहे.

आपण काय करावे

आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. आता खाड्यांवर पूल आहेत, १०८ ची गाडी आहे, ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. तरी अवघड बाळंतीण आजही पुढे बांबोळीला पाठवावी लागते, आणि तो रस्ता कळा देणाऱ्या बाईला किती लांब वाटतो हे तिला विचारावे. प्रश्न घर चांगले की दवाखाना चांगला हा नाहीच. बाई जेथे असेल तेथे शिकलेला हात असावा, त्या हाताला कायद्याची मान्यता असावी, आणि त्याने "आता पुढे न्या" म्हटले की वाहन, डॉक्टर आणि घरची माणसे हलावीत. हे तीन धागे एकत्र गुंफले गेले म्हणजे सुईणीला खरी सनद मिळाली.

मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, आपल्या पंचक्रोशीत ज्या वृद्ध सुईणी हयात आहेत त्यांच्याकडे दोघीदोघींनी जावे, त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत आणि पुढच्या वर्षी याच व्यासपीठावर त्यांची ओटी भरावी. पुढच्या दाराने आणून, खुर्चीवर बसवून. दुसरी, पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावी रात्री बाळंतपण आले तर प्रथम कोण येणार, आणि तिने सांगितल्यावर गाडी किती वेळात येणार? उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यावे. तिसरी, सुईणसेवेचे नवे शिक्षण घेतलेली परिचारिका आपल्या तालुक्यात मिळावी, असा अर्ज मंडळाच्या शिक्क्यासह जिल्हा परिषदेकडे पाठवावा. रमाबाईंनी घरोघर जाऊन मुली मिळवल्या. आपल्याला एका अर्जावर सह्या मिळवायला काय कठीण आहे?

माझ्या आईने सुईणीला दिलेले लुगडे हिरव्या रंगाचे होते, एवढे मला ठाऊक आहे. तिचे नाव मात्र ठाऊक नाही. घरात सगळे तिला नुसते "सुईण" म्हणत. कोणी नाव विचारलेच नाही. निदान ज्या अजून आहेत त्यांची नावे तरी आपण विचारून घेऊया.